बेश्टूएदन आणि हिरवी फाईल

मुलीनं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा मी ज्वारीचं पीठ चाळत होतो. शुक्रवारची सुट्टी होती, बायको हॉस्पिटलात सकाळच्या ड्यूटीवर गेली होती आणि भाकरीची जबाबदारी माझ्यावर होती. कुवेतमधल्या हवल्लीत आमच्या इमारतीखालच्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण न चाळता वापरलं तर भाकरी उलटताना मोडते. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर मुलगी, तिच्यामागे लक्झेंबर्गमधली तिची खिडकी.

"बाबा, वी आर गेटिंग बेश्टूएत," ती म्हणाली.

"काय होताय तुम्ही?"

"बेश्टूएत! मॅरीड, बाबा. बेश्टूएदन म्हणजे लग्न करणं. लक्झेंबर्गिश वर्ड आहे. त्याची आजी हाच वापरते, सो आय थॉट तुम्हालाही असंच सांगावं."

माझ्या हातात चाळणी तशीच राहिली. आनंद झाला की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी फक्त "हां, हां, बरं" असं म्हणालो आणि पीठ पुन्हा चाळायला लागलो.

आमची मुलगी जन्मली कुवेतमध्ये, वाढली हवल्लीत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत येतं. शिकून ती लक्झेंबर्गला एका बँकेत संगणकाच्या कामावर गेली. तो देश नकाशावर शोधायला मला चष्मा लावावा लागला होता. तिथले लोक फ्रेंच बोलतात, जर्मन बोलतात आणि वर त्यांची स्वतःची अशी एक भाषा आहे. ऑफिसात इंग्रजीवर भागत असताना ही पोरगी संध्याकाळी क्लास लावून ती तिसरीच भाषा शिकत होती. परभणीच्या आजीशी दोन वाक्यं मराठीत बोल म्हटलं की जिला झोप यायची, ती हीच.

मुलगा तिथलाच, शाळेत शिकवणारा. मागच्या हिवाळ्यात आठवडाभर इथे येऊन गेला होता. शर्कच्या मासळीबाजारात माझ्यासोबत आला, सगळ्या पिशव्या स्वतः उचलल्या, आणि भाकरी आधी काट्याचमच्यानं खाऊन बघून मग मुकाट्यानं हातानं खायला लागला. मला तो आवडला होता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल.

लग्न तिथल्या नगरपालिकेत, महापौरांसमोर लागणार होतं. त्यासाठी मुलीचा जन्मदाखला हवा होता. घरातला जुना चालत नव्हता. कुवेतमधून नवीन प्रत काढायची, तिच्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्यायचा, भाषांतर करायचं आणि सगळं तिकडे पाठवायचं. लग्नाच्या महिनाभर आधी कागद पोचला तर ठरलेली तारीख राहणार, नाही पोचला तर तारीख जाणार आणि पुढची मिळेल तेव्हा मिळेल. मुलाच्या आजीबाई नव्वदीच्या पुढे होत्या, त्यामुळे तारीख जाणं कोणालाच नको होतं.

"पण तुम्हाला काय, बाबा," मुलगी म्हणाली. "यू आर द एक्स्पर्ट."

ते खरं होतं. मी एक्स-रे टेक्निशियन आहे, पण इथल्या मराठी माणसांत माझी ओळख वेगळ्याच कामासाठी आहे. नवीन आलो तेव्हा सुलैबियातल्या एका दवाखान्यात होतो. आमच्या खोलीतला एक जण, बीडकडचा ड्रायव्हर, एका सकाळी उठलाच नाही. त्याला गावी कसं पाठवायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलो, अरबी येत नसताना अरबीत फॉर्म भरून घेतले आणि नवव्या दिवशी पेटी विमानात चढली. तेव्हापासून इथे आपलं कोणी गेलं की फोन मला येतो. आता नऊ दिवस लागत नाहीत. सगळं सुरळीत असेल तर दोन दिवसांत कागद होतात.

माझी एक पद्धत आहे. प्रत्येकासाठी एक हिरवी फाईल. हवल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानातून मी त्या डझनावारी आणून ठेवतो. फाईलवर माणसाचं नाव लिहीत नाही, नाव आत कागदांवर असतंच. वर जाड मार्करनं फक्त गाव लिहितो, जिथे त्याला पोचवायचं ते. धारूर. कंधार. देवरूख. गाव समोर दिसलं की माझ्या पायांना वेग येतो. पेटी गेली की घरी येऊन आंघोळ करतो आणि त्याबद्दल कोणाशी बोलत नाही.

तर असा मी. आणि पोटच्या मुलीच्या जन्मदाखल्याला मी दोन महिने हात लावला नाही.

का, ते विचारू नका. मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. सोमवारी ठरवायचं की उद्या जाऊ, मंगळवारी कोणाची तरी ड्यूटी अंगावर घ्यायची. मुलीला सांगायचं, सिस्टीम बंद आहे. बायकोला सांगायचं, गर्दी फार होती. मी आयुष्यात एवढं खोटं बोललो नव्हतो, आणि ते इतकं सहज जमत होतं की माझी मलाच लाज वाटायची.

त्यात तो शब्द. आमच्या विभागात एक सीरियन डॉक्टर आहेत, जर्मनीत शिकून आलेले. एकदा चहाच्या वेळी मी मोठ्या रुबाबात त्यांना सांगितलं की माझी मुलगी बेश्टूएदन होणार आहे. त्यांनी कप खाली ठेवला. कागदावर लिहून दाखवा म्हणाले. मी मुलीचा मेसेज दाखवला. तो दोनदा वाचून ते जपून म्हणाले की जर्मनमध्ये ह्याचा सख्खा भाऊ आहे, बेश्टाटन, आणि त्याचा अर्थ मयताची क्रिया करणं, दफन करणं असा होतो. जर्मनीत रस्त्यावर पाट्या असतात, त्या शब्दाच्या. अंत्यविधी करून देणाऱ्यांच्या दुकानांवर.

मी हसलो. तेही हसले. मग दोघांनीही हसणं थांबवलं, कारण मी कोणतं काम करतो ते त्यांना माहीत होतं.

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. इतक्या पेट्या हातांनी बांधल्यावर भुताखेतांची भीती वाटत नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाट उघडलं, हिरव्या फायलींचा गठ्ठा पाहिला आणि कपाट बंद केलं. शब्दाच्या माथी दोष मारून मोकळं होणं सोपं होतं. पण शब्द कळण्याआधीचा महिनाही मी काही केलं नव्हतंच की.

बायको नर्स आहे. समोरच्याचं काय दुखतंय ते तिला माणूस सांगायच्या आधी कळतं, पण ती लगेच बोलत नाही. त्या आठवड्यात बोलली. मी टीव्हीसमोर बसलो होतो, ती येऊन मध्ये उभी राहिली.

"कागद कामून लांबवायलात तुम्ही?"

"लांबवत नाही. गर्दी..."

"कोणाला सांगायलात गर्दीचं? मेलेल्यांसाठी गर्दीतून वाट काढता. जित्या लेकीसाठी निघंना?"

मी टीव्हीचा आवाज कमी केला. "मुलगा पसंत नाही का?" तिनं विचारलं. आहे म्हणालो. "लांब पडतं म्हणून?" तेही नाही म्हणालो, कारण आम्हीच परभणीहून इतक्या लांब येऊन पडलोय, कोणत्या तोंडानं म्हणणार. "मग काय?" मला खरंच माहीत नव्हतं, आणि तसं म्हटल्यावर ती अजून चिडली. तिच्या रागाचं वाईट वाटलं नाही. मलाही माझा राग आलाच होता, फक्त तो नेमका कशावर काढावा ते कळत नव्हतं.

शेवटी मी मुलीलाच त्या शब्दाबद्दल विचारलं. धीर करून, आडवळणानं. म्हटलं, तुझ्या त्या शब्दाबद्दल तिथल्या लोकांना काही वेगळं माहीत आहे का?

ती खळखळून हसली. "बेश्टाटन ना? बाबा, टीचरनं फर्स्ट वीकमध्ये सांगितलं!" मग तिनं जे समजावलं ते असं. जुन्या काळी त्या भागात स्टाट म्हणजे जागा, ठिकाण. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ एवढाच, की कोणाला तरी त्याच्या ठिकाणी नेऊन ठेवणं. त्यातूनच लेक उजवण्यासाठीही तोच शब्द आला, कारण तिला घर मिळवून द्यायचं, आणि मयताला माती देण्यासाठीही तोच, कारण त्यालाही शेवटची जागा मिळवून द्यायची. पुढे भाषांची वाटणी झाली. लग्न लक्झेंबर्गवाल्यांकडे राहिलं, माती जर्मनांकडे गेली. "आणि आता कोणी कोणाला देत नाही, बाबा. आता लोक स्वतःच स्वतःला बेश्टूएदन करतात."

"म्हणजे तू स्वतःच स्वतःला ठेवून येणार."

"एक्झॅक्टली!"

तिला वाटलं मला समजलं. मला समजलं होतंही, पण गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. कारण दोन वर्षं मी आणि बायकोनं तिच्यासाठी स्थळंच तर पाहिली होती. पुण्याचं स्थळ, नाशिकचं स्थळ, दुबईतलं एक स्थळ. आपणही मुलासाठी किंवा मुलीसाठी माणूस शोधत नाही, जागा शोधतो, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. लग्न चांगलं झालं की आपण म्हणतो, चांगल्या ठिकाणी पडली पोरगी. मग त्या नव्वदीच्या आजीबाईंचा शब्द आणि माझ्या आईचा 'स्थळ' हा शब्द एकच झाला की. आणि मी जे इतकी वर्षं करत आलो, हिरव्या फाईलवर गाव लिहून माणूस तिथे पोचवायचा, ते काय होतं? मी तरी कोणाला काय करत होतो? असे प्रश्न मला पडत नाहीत एरवी. मी हाडांचे फोटो काढणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. मुलीच्या जुन्या दाखल्याची प्रत, आमचे पासपोर्ट, सगळं गोळा केलं आणि सवयीनं कपाटातली एक हिरवी फाईल ओढली. कागद त्यात घातले. सवयीनंच मार्कर घेतला आणि वर लिहिलं, लक्झेंबर्ग. शपथेवर सांगतो, त्या वेळी माझ्या मनात काही नव्हतं. मी घाईत होतो.

अरबी फॉर्म टाईप करून देणाऱ्या एका दुकानात माझं नेहमीचं जाणं आहे. दुकान म्हणजे काय, दोन टेबलं, एक प्रिंटर आणि खडखडणारा एसी. टेबलामागे बसणारे गृहस्थ केरळचे, माझ्याच वयाचे. त्यांना मी चेट्टा म्हणतो, म्हणजे त्यांच्या भाषेत दादा, ते मला साब म्हणतात. इतक्या वर्षांत आमच्यात फारशा गप्पा झालेल्या नाहीत. मी हिरवी फाईल टेबलावर ठेवतो, ते वरचं गाव वाचायचा प्रयत्न करतात, विचारतात, "किसका है साब?" मी सांगतो, हमारे गाववाले का है, किंवा दोस्त का है, किंवा मालूम नहीं, फोन आया था. ते मान हलवतात आणि टाईप करायला लागतात.

त्या दिवशीही मी फाईल ठेवली. देवनागरी त्यांना अडखळत वाचता येते. "लक्... झेम्बर्ग," ते म्हणाले. "इतना दूर? किसका है साब?"

"मेरी बेटी का," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ते टेबलाला वळसा घालून बाहेर आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. दुसऱ्या टेबलासमोर एक बाई फॉर्म भरून घेत होती, तीही उठून उभी राहिली.

"साब, आप बैठो," चेट्टा म्हणाले. "आज आप कुछ मत करो. आज मैं सब करेगा. आप खाली बैठो."

मला आधी काही कळेचना. हा माणूस असा का करतोय? आणि मग टेबलावरची फाईल दिसली. हिरवी, आणि वर माझ्या अक्षरात एका गावाचं नाव.

मी लगेच बोलायला हवं होतं. बोललो नाही. पाच सेकंद असतील, दहा असतील. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि मी बसलो. पाण्याचा ग्लास हातात दिला, मी घेतला. आणि त्या एवढ्याशा वेळात दोन महिन्यांचा उलगडा माझ्या अंगावर कोसळला. मी सुतकात होतो. फोन टाळत होतो, लग्नाचा विषय निघाला की उठून जात होतो, तिच्या खोलीचं दार ओढून घेत होतो. मला कागद करायची एकच रीत ठाऊक होती, आणि ज्याचे कागद मी केले तो कधी परत आला नव्हता. माझ्या हातून कागद झाला की माणूस जातो, हे माझ्या हातांना पाठ झालं होतं. म्हणून ते हलत नव्हते. ही समजूत मूर्खपणाची आहे हे मला कळत होतं आणि तरी ती माझ्या आत बसली होती, आणि समोर हा भला माणूस माझी मुलगी गेली म्हणून डोळे पुसत होता.

"चेट्टा," मी म्हणालो. "शादी है. शादी है उसकी."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"शादी का कागज है. बर्थ सर्टिफिकेट चाहिए. वो ठीक है. वो एकदम ठीक है." आणि मला रडू आलं. आधी नाही, आता, शादी म्हटल्यावर.

चेट्टांनी एकदा माझ्याकडे, एकदा फाईलकडे बघितलं आणि मग ते असे भडकले, की मी त्यांना त्याआधी कधी तसं पाहिलं नव्हतं. "शादी का कागज हरे फाईल में लाता है? दिमाग है क्या साब आपका?" मल्याळममध्ये पुढे बरंच काही झालं, ते मला समजलं नाही, पण मिळायला हवं होतं तेच मिळालं असणार. त्यांनी कागद बाहेर काढले, हिरवी फाईल मधोमध मोडून टेबलाखालच्या डब्यात कोंबली, ड्रॉवर उपसून एक पिवळी फाईल शोधली, स्वतःच्या शर्टाला पुसली आणि कागद त्यात घातले. "हरा लाएगा तो मैं टाईप नहीं करेगा," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसून टाईप करायला लागले. दोनदा चुकलं, दोनदा पुन्हा काढलं.

सगळ्या खिडक्या धरून दोन दिवसांत काम झालं. दोन महिने आणि दोन दिवस. बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चेट्टांना लाडू द्यायला जायचंय," आणि बेसन भाजायला घेतलं.

संध्याकाळी मुलीला फोन केला. सिस्टीम बंद नव्हती, हे सांगितलं. गर्दी नव्हती, हेही सांगितलं. टाईप करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली, आणि माझ्या हातांची. ती मध्ये एकदाही बोलली नाही. कॉल तुटला की काय म्हणून मी स्क्रीनकडे पाहिलं. ती होती, ओठ घट्ट मिटून बसली होती.

"बाबा," ती सावकाश मराठीत म्हणाली, एकेक शब्द शोधत, "मी जाणार नाही ना कुठं. मी फक्त तिकडं राहणार."

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही येताय ना? त्याची आजी रोज विचारते."

"येतोय. रजा टाकली."

मग ती पिवळी फाईल दाखवा म्हणाली. मी कॅमेऱ्यासमोर धरली. वर काही लिहिलेलं नव्हतं.

"गाव नाही लिहिलं?"

"काय लिहू? लक्झेंबर्ग एकदा लिहून बघितलं, झालं तेवढं पुरे. परभणी तर तू चार वेळा पाहिली असशील."

"पण बाबा, गाव म्हणजे जिथं माणूस घरी जातो ते ना? तुमच्या फायलींवर तेच असतं ना?" ती क्षणभर थांबली. "मग हवल्ली लिहा. आय अ‍ॅम फ्रॉम हवल्ली."

आम्ही इथे कोणीच कुठले नसतो. कंपनीनं ठेवलं तोवर राहायचं, मग निघायचं, आणि वाटेत काही झालं तर माझ्यासारखा कोणी गावाचं नाव लिहितो. इतक्या वर्षांत शेकडो वेळा तो मार्कर हातात धरला, पण एखाद्या माणसाचं गाव हवल्ली असू शकतं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि माझ्याच घरात तसं एक माणूस चोवीस वर्षं वाढलं होतं.

स्वयंपाकघरातून बेसनाचा वास येत होता. मी मार्करचं टोपण काढलं, मुलीला दिसेल अशी फाईल धरली आणि वर लिहिलं, हवल्ली.